सकाळचा तुकडा

कोपऱ्यावर दिवा बदलायची वाट बघत उभं असताना हेनेखचा उजवा हात सवयीने कोटाच्या खिशात गेला आणि तिथे पाव होता. राईच्या पावाचा कडेचा तुकडा, जाड सालीचा, अजून मऊ. वर्षभर तो तिथे असायचाच, त्यात नवल काही नव्हतं. पण आज पेसाखच्या सणाचा आदला दिवस. आज संध्याकाळपासून आठ दिवस आंबवलेल्या पिठाचा कणसुद्धा यहुद्याच्या घरात, दारात, मालकीत असता कामा नये. गेला महिनाभर ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमधल्या बायका खमिराच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. गाद्या उलट्या, कपाटं भिंतीपासून दूर, पोरांची पुस्तकं गॅलरीत झटकलेली. कोटाचे खिसे तर फ्रीमेटने, त्याच्या बायकोने, काल स्वतः उलटे करून ब्रशने झाडले होते आणि त्याने ते बघितलं होतं. मग हा आला कुठून? पाव खायची वेळ मघाशीच टळली होती. आता फक्त जाळायची वेळ उरली होती आणि तीही मध्यान्हाच्या आधीच संपणार होती. महामार्गासाठी घरं पाडली होती त्या मोकळ्या जागेत एव्हाना पिंपात आग पेटली असेल. तिसबोरची, त्यांच्या जुन्या गावची, सगळी मंडळी आपापली खमिराची पुडकी घेऊन उभी असतील. पहिलं पुडकं रेब्बेने, म्हणजे त्या सगळ्यांच्या गुरूने, टाकायचं, खमीर सोडल्याचे शब्द रेब्बेने म्हणायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून. आणि तो रेब्बे म्हणजे डाव्या हातात घरचं पुडकं धरलेला हेनेख. दिवा हिरवा झाला, माणसं पुढे गेली आणि तो खिशातली मूठ आवळून तिथेच उभा राहिला.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं? दुसऱ्या कुणी येऊन विचारलं असतं तर त्याने उभ्या उभ्या निकाल दिला असता. वेळ आहे ना अजून? मग जा, जाळ, आणि घरी जाऊन उकडलेला बटाटा खा. माणसाचा खिसा आहे, विसरतो माणूस. पण तो विसरला नव्हता, हीच तर भानगड होती. तुकडा ठेवल्याचं त्याला मुळी आठवतच नव्हतं, आज नाही आणि कधीच नाही. हे काम हाताचं होतं. जेवताना तो कुणाशी तरी बोलत असणार आणि हात गुपचूप कडेचा तुकडा उचलून खिशात टाकत असणार. चोर घरातलाच, त्यामुळे त्याला रंगेहाथ पकडणं इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. सकाळी बघावं तर तुकडा हजर. बुरसटलेला कधी नाही, दगड झालेला कधी नाही. हात तो बदलतही असावा. पेसाख जवळ आला की मात्र हात शहाण्यासारखा वागायचा, खिसा आपोआप रिकामा व्हायचा. या वर्षी त्याने तेवढीही मर्यादा ठेवली नाही. फ्रीमेटला यातलं काही सांगितलेलं नव्हतं, लाज वाटायची. शिकवताना, लग्न लावताना, कुणाचं गाऱ्हाणं ऐकताना त्याचा उजवा हात खिशात असायचा आणि अंगठा सालीवरून फिरत असायचा. गंमत अशी की तरुण मंडळींनी त्यातही अर्थ शोधला. उजवा हात म्हणजे दया, आणि दया झाकून करावी, असं कुणीतरी म्हणालं. आता तिसबोरचा नवरदेवसुद्धा उजवा हात खिशात घालून उभा राहतो. हेनेख ते बघून ओशाळायचा. आज त्या सगळ्यांसमोर हा हात बाहेर काढायचा होता.

उजवीकडे वळायचं तर तो डावीकडे, नदीच्या दिशेने चालू लागला. वाटेत दोघांनी अदबीने बाजूला होऊन वाट दिली. रेब्बे आगीकडे पाठ करून निघालेत म्हणजे त्यात काहीतरी खोल असणार, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं. रेब्बे झालं की माणसाला चुकायचीही सोय राहत नाही. आणि तो काही रेब्बे व्हायचा नव्हता. तिकडे, डोंगरापलीकडच्या तिसबोरमध्ये, वडील रेब्बे होते आणि त्यांच्यानंतर थोरला लेझर होणार हे लेझरच्या बारशापासून ठरलेलं होतं. लेझरला माणसं लागायची, गाणं लागायचं, खळखळून हसायला निमित्तही लागायचं नाही. धाकट्याला काय, एक पुस्तक द्यावं आणि शेगडीजवळची जागा द्यावी. युद्ध संपलं तेव्हा त्या घरातला हेनेख एकटा उरला होता. बायको आणि लहानगा मुलगा गेले होते, लेझर गेला होता, वडिलांचं तर नेमकं कुठे काय झालं हेही कळलं नव्हतं. निर्वासितांच्या वसाहतीत फ्रीमेट भेटली, तिचा नवरा आणि दोन मुली गेल्या होत्या. दोघांनी एकमेकांना फारसं काही विचारलं नाही आणि लग्न केलं. ब्रुकलिनला आले तर एका लाँड्रीखालच्या तळघरात तिसबोरची पाचसहा माणसं प्रार्थनेला जमत होती. त्यांत झलमन होता. वडिलांच्या हाताखाली वाढलेला, तोंडाने फटकळ, मनाने त्याहून फटकळ. त्याने हेनेखला खांद्याला धरून टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसवलं. हेनेख म्हणाला, मी नाही, ही लेझरची जागा. झलमन म्हणाला, "लेझर असता तर आम्ही तुमच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. तो नाही. बसा."

तो बसला. बसल्यावर कामं निघत गेली. सगळ्यात आधी बायकांच्या शुद्धीच्या स्नानाचं कुंड बांधलं, कारण त्याच्याशिवाय संसार सुरू होत नाही, आणि एकटी उरलेली माणसं जोडायची होती. ज्यांचे रेब्बे गेले होते असे दुसऱ्या गावांचे लोकही येऊन चिकटले. मग पोरं झाली, मग पोरांची शाळा, मग पेसाखच्या न आंबवलेल्या भाकऱ्यांची भट्टी. दर शुक्रवारी संध्याकाळी रेब्बेचं टेबल मांडलं जाऊ लागलं. रेब्बेने ताटातलं घासभर चाखायचं आणि ताट पुढे सारायचं. उरलेलं उष्टं सगळ्यांनी हातोहात न्यायचं, त्यात आशीर्वाद असतो. पहिल्या शुक्रवारी ताट समोर आलं आणि हेनेखने ते पुसून खाल्लं. सगळे बघत राहिले. पुढच्या शुक्रवारी त्याने मनाशी ठरवलं होतं, तरी हातातला काटा-चमचा थांबला नाही. तिसऱ्या आठवड्यात झलमन कानाशी लागून म्हणाला की रेब्बेंनी निदान बशी तरी ठेवावी. हेनेखला रडू यायच्या बेतात होतं. घास उरवायचा म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना कळत नव्हतं. मग फ्रीमेटने एक केलं. टेबलावर जायच्या आधी ती त्याला स्वयंपाकघरात बोलवायची आणि ओट्याशी उभं करून पोटभर जेवू घालायची, नको म्हणेपर्यंत. का, ते ती बोलली नाही आणि त्यानेही विचारलं नाही. तेव्हापासून ताटात उरू लागलं आणि तिसबोरच्या लोकांना आशीर्वाद मिळू लागला.

नदीकाठी रस्ता संपला. जाळीच्या कुंपणापलीकडे पाणी आणि पाण्यापलीकडे मॅनहॅटन. बिअरच्या कारखान्याकडून आंबूस वास येत होता. आज सगळी हवाच खमिराची, ती कुठे जाळणार? हेनेखने इकडेतिकडे बघितलं आणि तुकडा बाहेर काढला. उजेडात तो लहान दिसला. कुंपणावर एक समुद्रपक्षी येऊन बसला आणि मान वाकडी करून तुकड्याकडे बघू लागला. त्याला दिला तरी चालेल, वेळ आहे अजून. घे बाबा, सोडव मला. हेनेखने हात उचलला आणि हात उचललेलाच राहिला, मूठ उघडेना. पक्ष्याने थोडा वेळ वाट बघितली आणि तो कंटाळून उडून गेला.

युद्धात, जर्मनांच्या छावणीत, त्या वर्षीचा पेसाख कधी येतो हे लेझरनेच चंद्र बघून काढलं होतं. लोकांनी हेनेखला विचारलं, कारण शास्त्राची पुस्तकं वाचलेला तोच होता. पावाखेरीज दुसरं काही मिळत नाही, तर काय करायचं? त्याने निकाल दिला की खायचं, जीव आधी. आजही कुणी विचारलं तर तो हाच निकाल देईल, त्यात त्याला कधी शंका आली नाही. पेसाखच्या आदल्या दिवशी घरातल्या थोरल्या मुलांचा उपास असतो. लेझर म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा हा उपास मला जड जात नाहीये." आणि आपल्या विनोदावर आपणच खोकेपर्यंत हसला. लेझर पावाचे नेहमी दोन भाग करायचा. रात्रीचा तुकडा देवाचं नाव घेऊन खाऊन टाकायचा आणि सकाळचा सदऱ्यात ठेवायचा. खिशात सकाळ असली की रात्र निघते, असं त्याचं म्हणणं, आणि तो हेनेखलाही तसंच करायला लावायचा. पेसाखची पहिली रात्र त्या दोघांनी एका पांघरुणाखाली, आठवेल तेवढी गुलामीतून सुटकेची कथा एकमेकांच्या कानात म्हणत काढली. लेझर मध्येच चुकला आणि हेनेखने दुरुस्त केलं. सकाळी लेझर उठला नाही. हेनेखने त्याच्या सदऱ्यात हात घातला. तुकडा उबदार होता. ती ऊब लेझरची की आपल्या हाताची, हे त्याला नंतर कधीच ठरवता आलं नाही. त्याने पावाचा आशीर्वाद म्हटला आणि पेसाखच्या दिवशी, भावाशेजारी बसून, तो पाव खाल्ला. रडला नाही. चावत राहिला.

पाव जाळला की म्हणायचं असतं: माझ्यापाशी असलेलं सगळं खमीर, मी पाहिलेलं आणि न पाहिलेलं, काढलेलं आणि न काढलेलं, आता माझं नव्हे, ते पृथ्वीवरच्या धुळीसारखं असो. पाव आणि धूळ! ज्याने हे शब्द बसवले तो दोन वेळ जेवलेला असणार. हेनेख दरवर्षी ते म्हणत आला, नुसत्या ओठांनी. आणि हे शब्द मनातून म्हटले नाहीत तर ते लागू होत नाहीत, खमीर तुमचंच राहतं, हेही तोच शाळेत पोरांना शिकवतो. पण खरी भीती याहून वेगळी होती आणि ती आज या कुंपणापाशी त्याला धरून बसली होती. गेल्या हिवाळ्यात त्यांची ब्रायन्डल, म्हातारपणी झालेली ही एकुलती पोर, तापाने फणफणली होती. तेव्हा हात आधी कुठे गेला? स्तोत्रांच्या पुस्तकाकडे नाही, खिशाकडे. हा तुकडा आहे तोवर सकाळ होणार, असं त्याच्या आतलं काहीतरी धरून चाललेलं होतं. मग देव कुणासाठी होता? फक्त तिसबोरच्या लोकांसाठी? ज्याचा भरवसा पावाच्या सालीवर, त्याच्यामागे उभी राहून माणसं देवावर भरवसा ठेवत होती. आज त्याचे शब्द पोकळ निघाले तर त्याच्यामागून म्हटलेले त्यांचेही पोकळ, आणि इतकी वर्षं उभारलेलं सगळं, कुंड, शाळा, भट्टी, तेही पोकळ. दूर कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजला. वेळ जात होती आणि आपण इथे काय करतोय हे त्याला सांगता आलं नसतं.

मागून चपलांचा आवाज आला. फ्रीमेट होती, घरातल्या एप्रनवर तसाच कोट चढवलेली, डोक्याचा रुमाल एका बाजूला सरकलेला. डोळे लाल होते. रात्रीच्या सणाच्या ताटासाठी तिखट मुळा किसत असणार. रेब्बेची बायको आजच्या दिवशी भर रस्त्यातून धावत आली म्हणजे आता आख्खं विल्यम्सबर्ग बोलणार. तिला धाप लागली होती. इथे आहे हे कसं कळलं, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली की घाबरलात की तुम्ही पाण्याकडेच येता, त्यात कळायचं काय? त्याने लपवायचा प्रयत्न केला नाही. मूठ उघडून दाखवली.

"हाताने ठेवला," तो म्हणाला. "मला न विचारता. नेहमी ठेवतो. तुला सांगायचं राहिलं."

फ्रीमेटने तुकड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा असा झाला की हसावं की काय तिला कळत नसावं.

"तुमच्या हाताने नाही," ती म्हणाली. "माझ्या."

त्याला अर्थ लागेना. ती कुंपणाला टेकली आणि सांगू लागली. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तो झोपेत छातीवर काहीतरी चाचपत राहायचा आणि सापडलं नाही की कण्हायचा. अंगरख्याला खिसाही नव्हता. तिने एकदा त्याच्या कोटात पावाचा तुकडा ठेवला आणि कोट उशाशी टाकला, तेव्हा तो शांत झोपला. तेव्हापासून रोज ती जुना काढते आणि नवा ठेवते. कडेचा तुकडा बाबांचा, हे ब्रायन्डललासुद्धा ठाऊक आहे. तिला वाटतं, सगळ्यांच्याच बाबांच्या खिशात असतो. पेसाखच्या आधी ती काढून घेते. कालही काढला, खिसे झाडले. "आणि आज सकाळी गॅलरीत शेवटचा पाव कापला आणि हात तुमच्या कोटाकडे गेला. मेली सवय. मुळा किसताना एकदम आठवलं. तुम्ही पोचला नाहीत असा झलमनचा निरोप यायच्या आधीच मी जिन्यात होते."

हेनेखला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि रागाच्या मागून जे आलं त्याला नाव देता येईना. इतकी वर्षं ज्याला तो चोर समजत होता तो हात निर्दोष होता. खिशातली सकाळ आपोआप येत नव्हती. कुणीतरी रोज ती कापून ठेवत होतं.

"मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

मग तो बोलला, कारण आता नाही तर कधीच बोलला नसता. म्हणाला की त्याला पावाला धूळ म्हणता येत नाही, दरवर्षी तो सगळ्यांसमोर खोटं म्हणत आलाय, आणि आज तेही जमेल असं वाटत नाही. रुमाल नीट करायला फ्रीमेटने हात वर नेला आणि मुळ्याच्या वासाने तिच्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं.

"धूळ म्हणजे काय कमी आहे का?" ती म्हणाली. "माझ्या मुली तीच आहेत. तुमचा लेझर तीच आहे. थडगं कुठे आहे त्यांचं, की तिथे काही नेऊन ठेवावं? मी ते शब्द म्हणते तेव्हा मला वाटतं, चला, पाव त्यांच्याकडे पाठवला." मग घरातल्या आवाजात म्हणाली, "चला आता. आग काही तुमच्यासाठी थांबायची नाही."

तो पुढे आणि ती चार पावलं मागे, असे ते निघाले. मोकळ्या जागेपाशी गर्दी होती. सगळ्यांची पुडकी अजून हातातच. पिंपातली आग निम्मी झाली होती आणि झलमन एका काठीने ती ढोसत होता. रेब्बे दिसताच तो म्हणाला, "आले. आता सूर्याला जरा थांबायला सांगा, तेवढंच राहिलंय." कुणी हसलं नाही. हेनेखने घरून आणलेलं पुडकं पिंपात टाकलं. मग उजवा हात खिशातून बाहेर काढला. तरुण मंडळी पुढे सरकली. कित्येकांनी तो हात असा उघडा कधी बघितला नव्हता, आणि त्यात होता नुसता पाव. झलमनने एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तोही छावणीतून आलेला होता, त्याला सांगायला नको होतं. पुढच्या रांगेतले आणखी काहीजण असेच जमिनीकडे बघत राहिले.

हेनेखने तुकड्याचे दोन भाग केले. रात्रीचा टाकला. तो लगेच पेटला नाही, आधी भाजला गेला, आणि भाजलेल्या पावाचा खमंग वास त्या सगळ्या काळ्या कोटांमधून फिरला. कुणीतरी खोल श्वास घेतल्याचं ऐकू आलं. सकाळचा हातात होता. ऊब होती त्याला. या वेळी ती कुणाची आहे हे हेनेखला माहीत होतं. बोटं उघडायला वेळ लागला. बोटांचा दोष नव्हता, त्यांना सवय नव्हती. मग तोही टाकला आणि तो म्हणू लागला. पाहिलेलं आणि न पाहिलेलं, माणसं मागून म्हणाली. काढलेलं आणि न काढलेलं. धुळीपाशी त्याचा आवाज खाली आला, पण अडला नाही. लेझर, तो मनात म्हणाला, तुझा तुकडा. मागून सगळे धुळीसारखं असो म्हणाले. काहीजण मोठ्याने, काहीजण जेमतेम.

घरी जाताना हात पुन्हा खिशात गेला. खिसा रिकामा होता, शिवणीपर्यंत. भीती लगेच परत आली, ती काही शब्दांनी गेली नव्हती. जिन्यात कुणी नव्हतं तेव्हा त्याने फ्रीमेटला विचारलं की हे आठ दिवस काढायचे कसे. दरवर्षी काढताच की, ती म्हणाली. पण तुकडा कोण ठेवतं आणि कोण काढतं, हे दरवर्षी त्याला माहीत नव्हतं.

"आठच दिवस," ती किल्ली फिरवत म्हणाली. "आठवा मावळला की बेकरीच्या दारात पहिली मीच उभी असते. तुम्हाला वाटतं मी हवा खायला जाते."

स्वयंपाकघरात सगळं नवं, पुसलेलं, पांढऱ्या कागदाने मढवलेलं होतं. ब्रायन्डल टेबलाखाली बसून, पेसाखच्या रात्री मुलांनी जेवणाच्या टेबलावर विचारायचे असतात ते प्रश्न पाठ करत होती. हेनेख दारात उभा राहिला, हात कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. फ्रीमेटने त्याच्याकडे बघितलं आणि किसणी आणि अर्धा मुळा त्याच्या हातात दिला.

"धरा. माझे डोळे गेले."

तो स्टुलावर बसला आणि किसू लागला. थोड्याच वेळात त्याच्या डोळ्यांतून धार लागली, दाढीत गेली, पुसावी तर हात मुळ्याचे. ब्रायन्डलने टेबलाखालून डोकं बाहेर काढून एकदा बघितलं आणि पुन्हा आपले प्रश्न म्हणू लागली. मुळा किसणाऱ्याला कुणी का रडतोस म्हणून विचारत नाही. तो बराच वेळ किसत राहिला, लागणार होता त्यापेक्षा जास्तच. मुळा चांगला तिखट निघाला होता.